तळणाच्या तेलाचे इंधन : स्थायू उत्प्रेरकांची कामगिरी

नाताळचा फराळ असो, लग्नघरचे जेवण असो की धर्मग्रामाच्या सणानिमित्त मांडलेले खाद्यपदार्थांचे स्टॉल असोत, आपल्या आनंदाच्या प्रसंगी कढई चुलीवर चढतेच. कार्य आटोपते, पाहुणे परततात आणि काळपट, दाट झालेले तेल तेवढे मागे उरते. ते पुढे कोठे जाते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. काही मोरीत ओतले जाते व गटारात थिजून बसते. काही दुसऱ्या दिवशीच्या तळणात मिसळले जाते. काही मात्र स्वस्तात विकले जाऊन दुसऱ्या कोणाच्या कढईत, आणि अखेरीस ज्याला रस्त्याकडेचे खाणेच परवडते अशा श्रमिकाच्या पोटात जाते.

या तेलाचे बायोडिझेल करता येते, हे आता बहुतेकांच्या कानावर आले आहे. परंतु ते कसे होते, त्यात अडचण कोठे येते आणि ती दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ ‘स्थायू उत्प्रेरक’ का शोधीत आहेत, हे फारसे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेच समजावून देण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रथम तेलाची घडण पाहू. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. तळताना पदार्थातील पाण्याची वाफ, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे काही साखळ्या कण्यापासून सुटतात. त्यांना मुक्त मेदाम्ले म्हणतात. याशिवाय आरोग्यास अपायकारक अशी इतर संयुगेही साठत जातात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली व १ जुलै २०१८ पासून ती लागू केली. ही मर्यादा ओलांडलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची मोहीमही प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केली.

बायोडिझेल करणे म्हणजे त्या तिन्ही साखळ्या ग्लिसरीनपासून सोडवून मिथेनॉलला जोडणे. सुमारे १०० किलो तेल व ११ किलो मिथेनॉल यांचा संयोग झाला की सुमारे १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते. ही क्रिया आपोआप होऊ द्यावी तर फारच सावकाश होते. तिला वेग देणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. कारखान्यांत बहुधा कॉस्टिक सोडा किंवा त्याच जातीचे आम्लारी पदार्थ मिथेनॉलमध्ये विरघळवून वापरतात. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तासाभरात काम होते आणि खर्चही कमी येतो.

मग अडचण कोणती? ताज्या शुद्ध तेलात मुक्त मेदाम्ले अत्यल्प असतात. तळणाच्या तेलात ती पुष्कळ. कॉस्टिक सोडा आणि मेदाम्ल एकत्र आले की साबण तयार होतो. ज्यांनी घरी साबण केला असेल त्यांना हे नव्याने सांगावयास नको. साबणाच्या फेसामुळे बायोडिझेल व ग्लिसरीन वेगळे होईनासे होतात. त्यासाठी आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया, मग सोड्याची, आणि शेवटी विरघळलेले क्षार काढण्यासाठी पाण्याने वारंवार धुणे असा लांबचा फेरा घ्यावा लागतो. धुतलेले पाणी सांडपाणी होऊन उरते व त्यावरही प्रक्रिया करावी लागते.

येथे स्थायू उत्प्रेरकाचा प्रवेश होतो. पाण्यात विरघळलेले मीठ परत काढणे कष्टाचे असते. पाण्यात ठेवलेली गारगोटी मात्र हाताने उचलता येते. भेद एवढाच, पण महत्त्वाचा आहे. स्थायू उत्प्रेरक तेलात विरघळत नाही. क्रिया त्याच्या पृष्ठभागावर घडते. काम झाले की तो गाळून वेगळा काढता येतो व पुन्हा वापरता येतो. धुण्याचे पाणी वाचते आणि ग्लिसरीनही स्वच्छ मिळते.

या उत्प्रेरकांचे मुख्य दोन वर्ग आहेत. पहिला आम्लारी वर्ग. यातील सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे कळीचा चुना, अर्थात कॅल्शियम ऑक्साइड. कोकणकिनारी शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनीच आहे. शिंपले किंवा अंड्यांची टरफले ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापविली की त्यांतील कॅल्शियम कार्बोनेटचा चुना होतो आणि तो बायोडिझेलच्या क्रियेला चांगली गती देतो. एका टाकाऊ वस्तूने दुसरीला उपयोगी करावे, ही कल्पना मनाला भावणारी आहे. परंतु चुना हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावतो, थोडा विरघळतोही, आणि मुक्त मेदाम्ले जास्त असली तर त्याचाही साबण होतो. तेव्हा केवळ चुन्याने खराब तेलाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आम्ल वर्ग. हे उत्प्रेरक मुक्त मेदाम्लांचेही बायोडिझेल करतात. म्हणजे जे अडचणीचे तेच कच्चा माल ठरते. तत्कालीन टोकियो तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये साखर अर्धवट जाळून, तिच्या कोळशावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून असा उत्प्रेरक बनविल्याचे जाहीर केले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ मध्ये लोह व जस्त यांच्या दुहेरी सायनाइड संयुगाचा उपयोग मांडला. सायनाइड हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. त्यात ते धातूंशी घट्ट बांधलेले असते. या संयुगाचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. त्यामुळे तेलात थोडे पाणी व मेदाम्ले असली तरी दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात.

मग हे उत्प्रेरक सर्वत्र का वापरले जात नाहीत? कारण त्यांनाही मर्यादा आहेत. आम्ल वर्गाची क्रिया संथ असते. तिला बहुधा अधिक उष्णता, दाब व मिथेनॉल लागते. तळणाचे जळके कण पृष्ठभागावर बसले की उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. फ्रान्समधील सेत येथे २००६ मध्ये जस्त व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडचा स्थायू उत्प्रेरक वापरणारा मोठा कारखाना सुरू झाला. तेथे ९८ टक्क्यांहून अधिक शुद्ध ग्लिसरीन मिळू लागले. पण ती पद्धत शुद्ध केलेल्या वनस्पती तेलासाठी होती, तळणातून उरलेल्या तेलासाठी नव्हे. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात जे साधते ते कारखान्यात महिनोन्‌महिने टिकणे, ही खरी कसोटी होय.

वाचकहो, या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध भावाचा आहे. प्रक्रिया जितकी सोपी व स्वस्त, तितका अधिक भाव जुने तेल घेणारा देऊ शकेल. हातगाडीवाल्या गरीब विक्रेत्याला जुन्या तेलाचा योग्य मोबदला मिळाला, तर ते पुन्हा कढईत ओतण्याचा मोह त्याला कमी होईल. केवळ कायद्याच्या धाकाने जे होत नाही ते अशा रीतीने होऊ शकते. सरकारच्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी तेल हवे आणि ते आपल्याच स्वयंपाकघरांत आहे.

उत्प्रेरक कितीही गुणी असला तरी मोरीत गेलेले तेल तो परत आणू शकत नाही. म्हणून तेल थंड झाल्यावर गाळावे, पाणी न मिसळता कोरड्या डब्यात साठवावे आणि अधिकृत संकलकाकडेच द्यावे. एकेका घराचे तेल थोडे असते. परंतु धर्मग्रामातील कार्यक्रमांचे, केटरर्सचे व घरांचे तेल एकत्र केल्यास संकलकाला येणे परवडते. घरी बायोडिझेल करून पाहण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही असते. ते काम जाणकारांवर सोपवावे. डबा स्वच्छ ठेवून तो योग्य हाती देणे हे आपले काम आहे, आणि साखळीचा पहिला दुवा तोच आहे.