नऊ आठवड्यांची रशियन

लेखमाला : भाषा येते कशी? (भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण राजनैतिक अधिकाऱ्यांच्या भाषावर्गात डोकावलो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या माणसाला रशियन शिकवायला ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे ११०० तास धरतं. आजच्या वर्गात हीच रशियन साधारण नऊ आठवड्यांत तोंडात बसवतात. पूर्वी त्यासाठी बारा आठवडे दिले जात.

हा वर्ग भरतो यूटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शेजारी. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो, त्यांच्या चर्चचं हे मिशनरी प्रशिक्षण केंद्र. १९६०च्या दशकात विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झालेले भाषावर्ग १९७६ मध्ये स्वतःच्या वास्तूत आले. आज इथे पन्नासहून अधिक भाषा शिकवतात. २०१२ पासून मुलं अठराव्या वर्षी धर्मप्रचाराच्या सेवेला जाऊ शकतात; मुलींना २०२५ पर्यंत एकोणिसावं वर्ष लागे, आता त्यांनाही अठरावं पुरतं. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. पगार नाही, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. देश कोणता, भाषा कोणती, हे चर्च ठरवतं. पत्र येतं, त्यात रशियन लिहिलेली असते, आणि क ख ग पासून सुरुवात होते.

शिकवणारे बहुधा विद्यापीठातलेच विद्यार्थी, नुकतेच रशियन बोलणाऱ्या मुलखात सेवा करून परतलेले. पहिल्या दिवशी शिक्षक वर्गात येतो तो रशियन बोलतच. पहिला धडा असतो प्रार्थनेचा, आणि त्यानंतर श्रद्धा सांगण्याचा. 'या ज़्नायू, श्तो...', म्हणजे 'मला माहीत आहे की...'. हा साचा मोठ्या हुशारीने निवडला आहे. रशियनमध्ये वर्तमानकाळी 'आहे' म्हणावंच लागत नाही आणि या साच्यापुढे कर्ता मूळ रूपातच येतो. त्यामुळे चार शब्द येणारा मुलगाही पूर्ण, शुद्ध आणि त्याला मनापासून वाटणारं वाक्य बोलू शकतो. व्याकरण मागाहून येतं, पण ते येतं तेव्हा कुठे वापरायचं हे मुलाला आधीच ठाऊक असतं.

पहिल्याच आठवड्यात परीक्षा. शिक्षक किंवा स्वयंसेवक रशियन गृहस्थाची भूमिका घेतो, आणि दोन मुलांनी त्याच्याशी रशियनमध्ये बोलायचं. प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला असतो. जेवण, अभ्यास, झोप सगळं त्याच्या सोबतीने. जमेल तितकं शिकायच्या भाषेतच बोला, हा तिथला दंडक. जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचं तेही रशियनमध्ये.

अडतं ते विभक्तीपाशी. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि नामाबरोबर विशेषणही बदलतं. 'नोवाया श्कोला' म्हणजे नवी शाळा. 'व् नोवोय श्कोल्ये' म्हणजे नव्या शाळेत. यूटातला मुलगा इथे डोक्याला हात लावतो, कारण इंग्रजीत यातलं काहीच हलत नाही. मराठी माणसाला मात्र 'नवी'चं 'नव्या' आणि 'शाळा'चं 'शाळे' होणं शिकवावं लागत नाही. देवाला एकेरी आणि अनोळखी आजीला आदरार्थी हाक मारायची, हेही आपल्याला सांगावं लागत नाही. पुण्यामुंबईत रशियन शिकणाऱ्यांनी ही जमेची बाजू ओळखावी.

नऊ आठवड्यांनी मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याला पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पुनरुत्थान हे शब्द येतात; 'नळ गळतोय' हे येत नाही. यात पद्धतीचा दोष मला दिसत नाही. एकाच विषयाची भाषा पक्की करायची, हाच तिच्या वेगाचा आधार आहे. खरी उणीव दुसरी आहे: तो सांगायला शिकलेला असतो, ऐकायला नाही. त्याने घोकलेल्या वाक्यावर बाकावरच्या आजी उत्तर देतात ते घाईत, अर्धे स्वर गिळून, पेन्शनपासून गुडघेदुखीपर्यंत. खरी रशियन तिथे सुरू होते, आणि ती शिकवणारी ती आजी असते.

असे ऐकवणारे लोक भेटणं आता अवघड झालं आहे. १९९० मध्ये लेनिनग्राडमध्ये मॉर्मन मिशनरींचं काम सुरू झालं, १९९१ मध्ये रशियन प्रजासत्ताकाने चर्चला मान्यता दिली. पण २०१६च्या यारोवाया कायद्याने नोंदणीकृत धर्मस्थळांबाहेर प्रचाराला बंदी आली, आणि चर्च तिथल्या आपल्या मुलांना 'स्वयंसेवक' म्हणू लागलं. २०२२ मध्ये, युद्ध सुरू होण्याआधीच, युक्रेनमधल्या मिशनरींना बाहेर काढावं लागलं.

ऐकण्याला वेळ लागतो, हे आपल्याकडच्या एका उदाहरणावरून पटेल. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं ते इथल्या माणसांत राहिले. म्हणून एका इंग्रजाच्या लेखणीतून मराठी ओवी उतरली.

मला प्रोव्होचं महत्त्व वाटतं ते यासाठी की तिथे भीती फार लवकर मोडते. आपल्याकडे वर्षानुवर्षं व्याकरण घोकूनही तोंड उघडत नाही, कारण चूक होईल अशी धास्ती. तिथे चूक होणारच हे गृहीत धरून पहिल्याच आठवड्यात समोर माणूस बसवतात. धर्मप्रचार कुणाला पटो न पटो, ही पद्धत आपण घ्यावी. जिव्हाळ्याचा एक विषय निवडा, ऐकणारा एक माणूस शोधा आणि पहिल्या आठवड्यातच बोलायला लागा. बोलायचं धाडस नऊ आठवड्यांत येतं; मग समोरच्याचं ऐकत राहायचं, जितकी वर्षं लागतील तितकी.

(पुढील आठवड्यात : इस्रायलमधले 'उल्पान', नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवणाऱ्या शाळा)