शेवटचे अडीचशे किलोमीटर

डिसेंबर उजाडला की धाराशिव, कळंब, उमरगा भागातल्या घरांत परदेशी गेलेल्या लेकी-सुनांची, नातवंडांची वाट पाहणे सुरू होते. कुणी दुबईहून येते, कुणी लंडनहून, कुणी न्यू जर्सीहून. बाळाचे जावळ तुळजापूरला काढायचे राहिलेले असते, आजीने बाळाला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलेले असते. धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमान उतरत नाही. सोलापूरहून जून 2025 मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, तरी परदेशातून येणाऱ्याला उतरावे लागते ते मुंबई, पुणे किंवा हैदराबादलाच. तिथून पुढे गाडी. पुण्याहून धाराशिव सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, मुंबईहून चारशेच्या घरात.

या प्रवासात हल्ली एक नवे सामान दिसू लागले आहे : बाळाची कारसीट. आई-वडील ती परदेशातल्या घरापासून सांभाळत आणतात. सुरक्षा तपासणीत बाळाला काढून घेतात, सीट एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवतात, ती आत मावली नाही तर जवान हाताने तपासतात. विमान बदलताना ती खांद्यावर असते. इतके सगळे करून माणसे विमानतळाबाहेर येतात आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर विचारतो, हे डिकीत टाकू का? मागच्या सीटवर नवे कव्हर चढवलेले असते आणि पट्ट्याची बकले त्या कव्हरखाली कायमची गाडलेली असतात. आणायला आलेली आजी हात पुढे करते. "आण इकडं, माझ्या मांडीवर झोपतंय की निवांत." सीट डिकीत जाते, गाडी सुटते.

हजारो किलोमीटर जपून आणलेली वस्तू नेमकी जिथे तिची गरज सर्वाधिक, तिथेच बाजूला पडते. या लेखाला मुख्यतः हेच सांगायचे आहे. आजीच्या मायेत काहीच कमी नाही. कमी पडते ते माणसाच्या हातांचे बळ, आणि ते कुणाच्याही हातांचे कमीच पडणार आहे.

हिशेब साधा आहे. गाडी ताशी 50 किलोमीटरने जात असेल तर आत बसलेले प्रत्येक शरीरही त्याच वेगाने पुढे जात असते. गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तरी मांडीवरच्या बाळाला थांबवणारे काहीच नसते, ते पुढेच जाते. त्याला गाडीबरोबर थांबवायचे तर त्याच्या वजनाच्या सरासरी 14 पट जोर लावावा लागतो. दहा किलोचे बाळ त्या क्षणी 140 किलोंची ओढ घेते. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल सोयाबीन, तेही दोन हातांत आणि डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात. आघाताचा सर्वोच्च क्षण या सरासरीपेक्षाही वाईट असतो. हीच टक्कर उंचीच्या भाषेत मांडली, तर ताशी 50 किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणे. वेग 80 झाला की ही उंची 25 मीटर होते. वेग दीडपटीहून थोडा जास्त वाढला, पण उंची अडीच पटींनी वाढली, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मांडीवर बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसणे तर त्याहून धोक्याचे. नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही बाजूंना एअरबॅग असते. ती सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत फुगते आणि पट्टा लावून ताठ बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली असते. तिच्या वाटेत बाळाचे डोके आले तर वाचवायला आलेली वस्तूच घातक ठरते. याच कारणाने उलट्या तोंडाची कारसीटही चालू एअरबॅगसमोर कधीच बसवायची नसते.

उलट्या तोंडाची म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते, बाळाला काही दिसत नाही म्हणून वाईटही वाटते. पण नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे एक अष्टमांश. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांत कूर्चेचा भाग मोठा असतो आणि त्यांना बांधणारे बंध सैल असतात. समोर तोंड असताना धडक बसली की पट्टे छाती धरून ठेवतात आणि जड डोके पुढे फेकले जाते. सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात, ताण सगळीकडे वाटला जातो. स्वीडनचे डॉक्टर बेर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातील आसनांवरून. उड्डाणाचा प्रचंड जोर अंतराळवीर पाठीवर झेलतात, मग बाळाने का झेलू नये? 1964 मध्ये त्यांच्या सीटचा पहिला नमुना गाडीत बसवून तपासला गेला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या अभ्यासानुसार मोटारीत योग्य कारसीट असल्यास एका वर्षाखालील बाळांचा मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी घटतो. औषधाच्या एखाद्या गोळीने असा परिणाम दाखवला असता तर ती घराघरात असती.

आता विमानाकडे. तिथे दोन वर्षांखालचे मूल मांडीवर चालते. भारतातल्या विमानांत आईच्या पट्ट्यात अडकवायचा एक छोटा जादा पट्टा देतात. अमेरिकेने मात्र असे पोटाचे पट्टे उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी वापरायला 1996 मध्येच मनाई केली, कारण धडकेत मोठ्या माणसाचे शरीर पुढे दुमडते आणि बाळ मधल्या मधे चेपले जाते.

मांडीवरच्या बाळांचा प्रश्न जगापुढे आला तो एका अपघाताने. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड 232 या विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि वैमानिकांनी ते कसेबसे आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर आणले. विमानात 296 माणसे होती, त्यांतली 112 दगावली. चार लहानगी मांडीवर होती. तेव्हाच्या नियमपुस्तकानुसार मुख्य हवाईसेविका जॅन ब्राऊन यांनी त्यांच्या पालकांना सांगितले, बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. आघातात काहींच्या हातांतून बाळे निसटली. त्या चौघांतले एक बाळ वाचले नाही. जॅन ब्राऊन स्वतः वाचल्या आणि पुढची कित्येक वर्षे एकच मागणी करत राहिल्या : विमानात प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने 1990 मध्ये तशीच शिफारस केली.

तरीही तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने सक्ती केली नाही. त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. बाळाचे वेगळे तिकीट सक्तीचे झाले तर काही कुटुंबे खर्च टाळायला विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा जास्त बाळे दगावतील. या युक्तिवादावर तिथे आजही वाद आहे. पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू एका गोष्टीवर ठाम आहेत, की रस्ता आकाशापेक्षा कितीतरी धोक्याचा. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांतल्या 16,715 जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यांत निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते.

मराठवाड्याला हे आकड्यांवाचूनही ठाऊक आहे. 3 जून 2014 रोजी दिल्लीत मराठवाड्याचे नेते, केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे मोटार अपघातात गेले. ते गाडीत मागच्या सीटवर होते. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितले होते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेही मागे बसले होते, पट्ट्याविना. मागची सीट सुरक्षित असते, तिथे पट्टा कशाला, हा समज अजून गेलेला नाही. त्याच सीटवर आजीच्या मांडीवर बाळ असते.

शिवाय हा मोसम कुठला? डिसेंबर म्हणजे ऐन उसाचा हंगाम. बहुतेक परदेशी विमाने रात्री-पहाटे उतरतात, म्हणजे गाडीचा मोठा पल्ला अंधारात. बार्शी-येडशीकडे येताना दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे लाल दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर अचानक समोर उभा राहतो. अशा वेळी धडक टळली तरी नुसता करकचून मारलेला ब्रेकही मांडीवरच्या झोपलेल्या बाळाला पुढच्या सीटवर आपटायला पुरतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 194-ब हे कलम आले. 14 वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधले नसेल तर 1000 रुपये दंड.

सीट आणायची ठरवली तर ती विमानतळातून धड पोचली पाहिजे. सगळ्यात चांगले म्हणजे बाळाचे वेगळे तिकीट काढून ती विमानातच वापरणे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर लाल अक्षरांत विमानासाठी मान्यता छापलेली असते, ती ओळ शोधावी. अशी सीट खिडकीशी बसवतात, म्हणजे इतरांची बाहेर पडायची वाट अडत नाही. मोठ्या मुलांचे बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, मात्र विमानात चालत नाही, कारण त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात पट्टा फक्त कमरेचा असतो. सीट सामानात द्यायचीच असेल तर शक्यतो विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथे द्यावी. काउंटरवर दिली तर ती बॅगांखाली दबते, पट्ट्यावरून खाली आदळते. तिच्या आत थर्माकोलसारखा फोम असतो, तो चिरला तरी कापडाखाली दिसत नाही. म्हणून जाड पिशवी किंवा मूळ खोके हवे. हातात आली की तिथेच कापड वर करून बघावे. प्लॅस्टिक कुठे वाकले असेल तर त्यावर पांढरट रेष उमटते. बकल खट्‌ आवाज करून बसते का, ओढल्यावर पट्टा सरकतो का, तेही पाहावे. रेष दिसली तर ती सीट वापरू नये, तिची किंमत कितीही असो.

आणखी एक अडचण अमेरिकेहून येणाऱ्यांना हमखास गाठते. तिथल्या गाड्यांचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की कुलूपबंद होतो, त्यावर सीट घट्ट बसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा पट्टा फक्त झटका बसल्यावरच अडतो, एरवी सैल राहतो, आणि सीट हलत राहते. त्यासाठी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची एक पोलादी चिमटी मिळते. ती बकलाच्या जवळ, कमरेच्या आणि खांद्याच्या पट्ट्यावर मिळून लावली की पट्टा सरकत नाही. काही सीटमध्ये अशी पकड आधीच बसवलेली असते. गाडीत आयसोफिक्स असेल, म्हणजे पाठ आणि बैठकीच्या फटीत 28 सेंटिमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या असतील, तर बहुतेक सीटची हुके त्यांत सरळ अडकतात. निघायच्या आधी घरीच पुस्तिका वाचून हे शिकून घ्यावे. पहाटे तीन वाजता, रडणारे बाळ कडेवर घेऊन पार्किंगमध्ये ते जमत नाही.

थंडी असते म्हणून बाळाला दुपट्यात गुंडाळून मग पट्टे आवळले जातात. हे करू नये. धडकेत दुपटे दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी पट्टे अंगाशी आवळावेत, खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये इतके, मग वरून दुपटे घालावे. बाळ रडले तर गाडी बाजूला थांबवावी, पाजावे, फिरवावे, पुन्हा बसवावे. अडीचशे किलोमीटरला अर्धा तास जास्त लागला तर जावळाचा मुहूर्त चुकत नाही.

आणि गाडी ठरवताना ड्रायव्हरला फोनवर एकच गोष्ट आधी सांगून ठेवावी : मागच्या सीटचे कव्हर काढून ठेवा, पट्ट्याची बकले वर आणून ठेवा, आम्ही बाळाची सीट बसवणार आहोत.