घरातला पत्ता, घराबाहेरचा पत्ता

जळगावला खेटून असलेल्या असोद्यातून एखादी आजी पुण्यात शिकणाऱ्या नातवाला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा वायफायवर तिच्या मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ असा असू शकतो. नातवाच्या खोलीतल्या मोबाइलचा पत्ताही नेमका हाच असू शकतो. भुसावळ, धुळे, मुंबई, थेट अमेरिकेतलं न्यू जर्सी, अशा असंख्य घरांत या क्षणी हाच पत्ता कुठल्या ना कुठल्या यंत्राला मिळालेला आहे. तरीही नातवाचा चेहरा त्याच्याच आजीच्या पडद्यावर येतो. हे कसं घडतं ते ज्याला उमगलं, त्याला घरच्या इंटरनेटचं निम्मं कोडं सुटलं म्हणायचं.

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, आणि भरिताच्या वांग्यांसाठी खानदेशात नावाजलेलं गाव. खानदेशातल्या गावागावांत आता खांबांवरून फायबरची काळी केबल घरापर्यंत येते. नेट मात्र अजून बऱ्याच घरांत ‘येतं’ किंवा ‘जातं’, एवढंच ठाऊक असतं. ते का गेलं, कुठे अडलं, हे विचारायला केबलवाल्याला फोन करायचा आणि वाट बघत बसायचं. खरं तर यातलं बरंचसं घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत तपासता येतं.

सुरुवात भिंतीवरच्या डब्यापासून करू. फायबरमधून वीज येत नाही, प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं संगणकाला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करणारं यंत्र म्हणजे ओएनटी. हल्ली बहुतेक घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. डब्यावरच्या दिव्यांत दोन महत्त्वाचे: ‘पॉन’ आणि ‘लॉस’. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर कंपनीकडून प्रकाश नीट पोचतो आहे. लॉसचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशच येत नाही: केबल कुठेतरी तुटली आहे, दाबली गेली आहे किंवा डब्यात शिरते तिथे जास्त वाकली आहे. लाल दिवा असताना राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही साधत नाही. तक्रार नोंदवताना ‘नेट बंद आहे’ असं सांगण्याऐवजी ‘लॉसचा लाल दिवा लागलाय’ असं सांगितलं, तर येणारा माणूस फायबर जोडण्याचं यंत्र बरोबर घेऊनच येतो.

आता पत्त्यांकडे वळू. पत्त्याला आकडे देण्याचं मोठं काम भारतात एका मराठी माणसाने केलं आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाली. जळगावचा ४२५००१ बघा. पहिल्या ४ वरून पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यात जायचं हे ठरतं, ४२५ वरून कुठल्या विभागात हे कळतं आणि शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय दाखवतात. दिल्लीत पत्रं वेगळी करणाऱ्याला जळगावच्या गल्ल्या माहीत असण्याची गरज नसते, त्याला सुरुवातीचे आकडे पुरतात. इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी अॅड्रेस, याच विचारावर उभा आहे. सुरुवातीचा भाग कुठलं जाळं ते सांगतो, शेवटचा भाग त्या जाळ्यातलं यंत्र कोणतं ते सांगतो. वाटेतले मोठे राउटर फक्त सुरुवातीचा भाग बघून माहितीचं पाकीट पुढे ढकलतात.

१९८१ मध्ये ठरलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्करी केंद्रं होती, तेव्हा हा आकडा प्रचंड वाटला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याच सुमारास जगातले तज्ज्ञ मात्र पत्ते संपणार या चिंतेत होते. चिंता खरी ठरली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाच्या खुल्या वाटपाचा साठाही आटला. आज एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा अशी चार-पाच यंत्रं सहज असतात. सगळ्यांना पुरतील एवढे पत्ते कधीच नव्हते.

मग जग चाललं कसं? दोन युक्त्यांवर. १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढण्यात आले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, बाहेरच्या जगात त्यांना काडीचीही किंमत नाही. म्हणूनच असोद्यात आणि पुण्यात १९२.१६८.१.५ एकाच वेळी सुखाने नांदतात. दुसरी युक्ती त्याच्या दोन वर्षं आधी, १९९४ मध्ये मांडली गेली होती. तिला नॅट म्हणतात. घरातल्या मोबाइलने एखादं पान मागितलं, की राउटर त्या पाकिटावरचा घरातला पत्ता काढून कंपनीने दिलेला बाहेरचा पत्ता लावतो, सोबत एक पोर्ट क्रमांक जोडतो आणि कुणासाठी काय मागितलं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की क्रमांक पाहून ते योग्य यंत्राकडे वळवतो. वडील बाजारभाव बघत असतील आणि मुलगी शेजारी बसून अभ्यासाचा व्हिडिओ पाहत असेल, तर बाहेरच्या जगाला ते एकच गिऱ्हाईक दिसतं, घरात मात्र सरमिसळ होत नाही.

घरातले पत्ते वाटण्याचं कामही राउटरच करतो. नवा मोबाइल वायफायला जोडला की राउटर त्याला काही तासांसाठी एक मोकळा पत्ता देतो, या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारली की तो पत्ता दिसतो. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावं की राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि यंत्राने स्वतःच एक घेऊन ठेवला आहे. अशा वेळी दोष कंपनीच्या केबलमध्ये शोधू नये, तो लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधेच आहे.

शेतकऱ्यांना सर्वांत जास्त अडतं ते कॅमेऱ्यापाशी. केळीच्या बागेत किंवा गोठ्यात कॅमेरा बसवला, घरच्या वायफायवर चित्र झकास दिसलं, आणि लग्नाला नाशिकला गेल्यावर मोबाइलवर काहीच उघडलं नाही, असं होऊ शकतं. कारण पुन्हा पत्त्यातच आहे. कॅमेऱ्याचा १९२.१६८ वाला पत्ता नाशिकहून गाठताच येत नाही. त्यात आता बऱ्याच कंपन्या बाहेरचा पत्ताही अनेक गिऱ्हाइकांत मिळून वापरतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या सदराखाली १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असलेला पत्ता दिसला, तर नॅट दोनदा होतं आहे असं ओळखावं: एकदा घरात, एकदा कंपनीकडे. २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखला गेला. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत सरळ वाट सापडत नाही. मग एक तर स्वतःहून आपल्या उत्पादकाच्या सर्व्हरशी बोलणारा कॅमेरा घ्यावा, नाहीतर जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा. कॅमेरा विकत घेण्याआधी ‘हा स्वतःहून सर्व्हरशी बोलतो का?’ हा एक प्रश्न दुकानदाराला विचारला तर पुढचा मनस्ताप टळतो.

टंचाईवरचा खरा इलाज आयपीव्ही६. त्यातल्या एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी आहे, त्यामुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने पहिल्यापासून या पद्धतीवर भर दिला आणि आज भारत ती वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवली जात. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावावरून पत्ता शोधून देणारी विभागलेली व्यवस्था मांडली आणि २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ने संपणारी नावंही घेता येतात. घरापुरतं एवढं लक्षात ठेवावं: व्हॉट्सअॅप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असा प्रकार दिसला तर अनेकदा डीएनएस अडलेलं असतं. संगणकावरून ८.८.८.८ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग केल्यावर, म्हणजे चाचणीची हाक दिल्यावर, उत्तर आलं, तर जोडणी शाबूत आहे, फक्त नावाचा पत्ता सापडत नाही, हे नक्की.

वेग कमी वाटण्यामागे मात्र पुष्कळदा घराच्या भिंती असतात. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफायला त्या जड जातात. राउटर दोन पट्ट्यांत काम करतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपाशी लवकर मंदावतो. २.४ गिगाहर्ट्झचा हळू, पण दूर पोचतो. पुढच्या ओसरीच्या कोपऱ्यात टांगलेला राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणला तर मागच्या खोलीत फरक जाणवतो. आणखी एक हिशेब: १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला १०० नव्हे, साडेबारा मेगाबाइट उतरतात, कारण आठ बिटांचा एक बाइट. वीज गेल्यावर नेट जातं ते बहुधा राउटर बंद पडल्यामुळे. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस बाजारात मिळतात.

सुरक्षिततेची बाब सर्वांत गंभीर आहे आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यात घातलेल्या, कुणी कधीच न बदललेल्या सुमारे साठ नाव-पासवर्डांची यादी होती, एवढंच. त्याच यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीएनएस सेवा पुरवणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वायफायचा पासवर्ड सढळ हाताने देणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. त्या जोडणीवरून कुणी काही गैर केलं, तर बाहेर दिसणारा पत्ता एकच असतो आणि कंपनीच्या दप्तरी त्यावर नाव तुमचं असतं.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं कराच. राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, त्यावर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका आणि आत जाऊन दोन पासवर्ड बदला: एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरू असल्याची खात्री करा. त्याच पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसेल. त्यातलं एकेक नाव घरात कुणाचं आहे ते विचारून घ्या, आणि जे कुणाचंच नाही ते बाहेर काढा.