थांबणारी पेशी

म्हातारपण टळावें असें कोणास वाटत नाहीं? च्यवन ऋषींना पुन्हां तारुण्य लाभल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु वार्धक्याचें मूळ शोधतां शोधतां शास्त्रज्ञ कर्करोगाच्या दाराशीं येऊन पोहोंचले, हें थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९१२ सालीं न्यूयॉर्क येथें अलेक्सिस कॅरेल यांनीं कोंबडीच्या गर्भांतील हृदयाचा कण काचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला. त्यांतील पेशी चौतीस वर्षें वाढत राहिल्याचें सांगण्यांत आलें आणि पेशी मूळची अमर आहे, असा समज दृढ झाला. १९६१ सालीं फिलाडेल्फिया येथील लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं तो खोडून काढला. मानवी गर्भाच्या पेशी सुमारें पन्नास वेळां विभागल्या आणि थांबल्या. त्या जिवंत होत्या, पण पुढें वाढेनात.

असें कां व्हावें? पदराचे दोरे सुटूं नयेत म्हणून आपण टोकाशीं गांठी मारतों. गुणसूत्रांच्या टोकांनाही तसेंच आवरण असतें आणि तें प्रत्येक विभाजनांत थोडें झिजतें. ही झीज फार झाली, किंवा तंबाखूच्या धुरानें अथवा प्रखर किरणांनीं गुणसूत्रांस इजा झाली, कीं पी-५३ नांवाचें प्रथिन जागें होतें. इजा अल्प असेल तर तें दुरुस्तीस अवधि देतें. फार असेल तर पेशीस कायमचें थांबवितें किंवा तिचा अंत घडवितें. मानवी कर्करोगांपैकीं सुमारें निम्म्यांत हा पहारेकरीच बिघडलेला आढळतो. शिवाय बहुतेक कर्कपेशी झिजलेलीं टोकें पुन्हां जोडणारें टेलोमरेज हें द्रव्य निर्माण करतात. पेशीला अमरत्व मिळतें तें असें!

मग पहारा वाढवावा, हें सहजच सुचतें. २००२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ज्यांच्या शरीरांत पी-५३ अतिशय जागरूक होतें, असे उंदीर अभ्यासिले. त्यांना गांठी क्वचितच झाल्या. परंतु त्यांचीं हाडें विरळ झालीं, पाठी वांकल्या, आणि इतर उंदरांच्या आधींच त्यांचें आयुष्य संपलें. मात्र त्याच वर्षीं स्पेनमधील संशोधकांनीं उंदरांत पी-५३चें बीज वाढविलें, पण त्यावरील नैसर्गिक नियंत्रण कायम ठेविलें. त्या उंदरांना कर्करोगापासून अधिक संरक्षण मिळालें आणि वार्धक्यही अकालीं आलें नाहीं. पहारेकरी बलवान असावा. पण त्यानें सदोदित सोटा उगारून बसूं नये, हाच त्याचा अर्थ.

थांबलेल्या पेशीही शरीरांत निरुपद्रवी राहत नाहींत. दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सोडून त्या शेजारच्या पेशींस त्रास देतात. अशा पेशी काढून टाकल्यावर उंदरांतील वार्धक्याचे कांहीं विकार लांबले, असें २०११ सालीं दिसून आलें. माणसांवर हा उपाय अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे.

तेव्हां, श्रोतेहो, तारुण्य परत देणाऱ्या औषधाची जाहिरात दिसली, तर आधीं एक प्रश्न विचारावा : थांबलेल्या पेशीला हें पुन्हां धांवावयास लावणार असेल, तर तिला आवरणार कोण? तंबाखू सोडण्यास मात्र असा कोणताही प्रश्न विचारण्याची गरज नाहीं.