विमान प्रतिकृती, रेडिओ-नियंत्रित
जमिनीवरील चालक रेडिओ तरंगांच्या साहाय्याने जिचे उड्डाण नियंत्रित करतो, अशी विमानाची लहान प्रतिकृती. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये अशी प्रतिकृती यशस्वीपणे उडविली. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-बांधणीचे शिक्षण देतात.

चालकाच्या हातातील प्रेषकाचे संकेत प्रतिकृतीतील ग्राही घेतो व त्यांनुसार लहान विद्युत् चलित्रे सुकाणू व उत्थापक हलवितात. नवशिक्याने धडाच्या वर पंख असलेली, संथ उडणारी प्रतिकृती बाल्सा लाकडाची किंवा फेसरूप प्लॅस्टिकची बांधावी. पंखांची टोके किंचित वर उचललेली असल्यास कललेली प्रतिकृती आपोआप सावरते. गुरुत्वमध्य सामान्यतः पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर ठेवतात. तो फार मागे गेल्यास प्रतिकृती अस्थिर होऊन कोसळते. प्रतिकृती चालकाकडे येत असताना डावे-उजवे उलटे भासते. याचा सराव आधी संगणकावर करणे इष्ट.

खामगावसारख्या वऱ्हाडातील गावी उन्हाळ्याच्या दुपारी उड्डाण कठीण असते. ४५° से. तापमानाची हवा सकाळच्या २५° से. तापमानाच्या हवेपेक्षा सु. ६ टक्के विरळ असल्याने उत्थापन घटते; शिवाय तापलेल्या काळ्या जमिनीवरून वर जाणारे प्रवाह हलक्या प्रतिकृतीला हेलकावे देतात. म्हणून पहिले उड्डाण सकाळी, पऱ्हाटी उपटलेल्या मोकळ्या शेतात, वस्ती व विजेच्या तारांपासून दूर आणि वाऱ्याच्या सन्मुख करावे. ड्रोन नियम, २०२१ अशा प्रतिकृतींनाही लागू असून त्या नजरेच्या टप्प्यातच उडवाव्या लागतात.