बुलेटची खटखट: किती, यापेक्षा केव्हा?

दिल्लीच्या करोल बागेत नाईवाला आणि हरध्यान सिंग रोडच्या गल्ल्यांत जुन्या बुलेटचा मोठा बाजार आहे. सुटे भाग, दुरुस्ती, भाड्याच्या गाड्या, सगळं एका फेरीत मिळतं. लडाखला निघालेली मराठी मंडळी पुण्या-मुंबईहून रेल्वेने गाडी दिल्लीला पाठवतात आणि पुढे निघण्याआधी इथल्या मिस्त्रीला दाखवतात. तिथे हमखास निघणारा विषय म्हणजे इंजिनची खटखट. आवाज किती मोठा आहे यावर सगळे बोलतात. तो केव्हा येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. निदान मात्र त्यावरच ठरतं. इथे बोलणं आहे ते कास्ट आयर्न सिलिंडरच्या, पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या ३५० सीसी बुलेटबद्दल.

गैरसमज : बुलेट म्हटली की आवाज आलाच.
वस्तुस्थिती : डुगडुग सायलेन्सरमधून येते. ३४६ सीसीचा एकच सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक स्फोट सुटा ऐकू येतो. खटखट येते ती धातूवर धातू आपटल्याने. पुशरॉड आणि टायमिंग गिअरची थोडी कुरकुर या इंजिनात चालायचीच. पण गेल्या महिन्यात नसलेला आवाज आज येत असेल, तर त्याला गाडीचा स्वभाव म्हणू नये.

गैरसमज : खटखट म्हणजे रॉड गेला.
वस्तुस्थिती : 'रॉड बज रही है' हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक हजारोंच्या खर्चाला तयार होतं. त्याआधी आवाजाची वेळ बघा. टॅपेटची टिकटिक हलकी असते आणि इंजिनच्या निम्म्या गतीने पडते, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. सिलिंडरमध्ये सैल झालेला पिस्टन गार इंजिनात वाजतो आणि इंजिन तापलं की बराचसा गप्प होतो. रॉडच्या बिग एंडचं, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या खालच्या टोकाचं, नेमकं उलट : इंजिन तापून ऑइल पातळ झालं की खालून दबका ठोका वाढतो, लोड पडल्यावर आणखी. डाव्या बाजूची प्रायमरी चेन सैल असेल तर संथ चालीवर ती वेडीवाकडी खडखडते. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर शोध त्याच बाजूला घ्यावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली, की आवाज वरचा आहे की खालचा, हे बरंचसं कळतं.

गैरसमज : टॅपेट आवळले, आवाज गेला, काम झालं.
वस्तुस्थिती : गार इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड दोन बोटांत धरा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. वरखाली हलला तर टिकटिक होणारच. फिरतच नसेल तर टॅपेट जास्त आवळले आहेत : व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गप्प बसलेलं इंजिन नेहमी निरोगी असतंच असं नाही.

गैरसमज : जुन्या इंजिनाला १०० ऑक्टेनचं पेट्रोल घाला, ठोके थांबतील.
वस्तुस्थिती : ऑक्टेनचा संबंध फक्त एकाच आवाजाशी आहे. चढावर थ्रॉटल पिळला की होणारी आणि सोडला की लगेच थांबणारी किणकिण म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं. टॅपेट, चेन, रॉड यांना महाग पेट्रोलने काहीही फरक पडत नाही. शिवाय या इंजिनाचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास; आजच्या क्लासिक ३५० चं साडेनऊ आहे. त्यामुळे पंपावरचं साधं पेट्रोल जुन्या गाडीला पुरतं. तरीही किणकिण होत असेल, तर बहुधा 'पिकअप'साठी कुणीतरी टायमिंग पुढे नेलेलं असतं. ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी साधारण ०.८ मिलिमीटरवर पडायला हवी. टायमिंग बरोबर असेल, तर हेडमधला कार्बन आणि कार्ब्युरेटरचं पातळ मिश्रण तपासा.

'पेट्रोलमधलं शिसं गेलं म्हणून जुनी इंजिनं ठोकतात' हाही त्यातलाच समज. शिशाचं संयुग ठोके थांबवतं हे थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. पण शिसं गेलं तरी ऑक्टेन रिफायनरीत इतर मार्गांनी राखलं जातं. आणि लडाखची खारदुंग ला खिंड चढण्यासाठी खास पेट्रोल भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की उंचीवर हवा विरळ असल्याने सिलिंडरमधला दाब घटतो आणि किणकिण उलट कमी होते. तिथे कार्ब्युरेटरची गाडी दमते ती मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्यामुळे.

गैरसमज : दाट ऑइल घातलं की इंजिन सुधारतं.
वस्तुस्थिती : आवाज दबतो, झीज तशीच राहते. गार सकाळी दाट ऑइल वरच्या भागांत पोचायला उशीर लावतं, ते वेगळंच. जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन ऐकू नका. ते गार होऊ द्या, स्वतः किक मारा, मग दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा ऐका. दोन्ही वेळचा आवाज हवा.

गैरसमज : रिबोअर केलं की इंजिन नवं.
वस्तुस्थिती : रिबोअर आणि नवा पिस्टन हा सिलिंडरचा उपाय, रॉड त्याच्या खाली असतो. सिलिंडर उतरलेलाच आहे, तर रॉड वरच्या टोकाला आणून सरळ वर-खाली ओढून बघायला सांगा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली 'टक' झालं तर नाही.

मिस्त्रीकडे गेल्यावर 'आवाज येतोय' एवढंच सांगू नका. गार असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, क्लच दाबल्यावर बदलतो की नाही, एवढं सांगा. तपासणीही स्वस्तापासून महागाकडे जाऊ द्या : ऑइलची पातळी, टॅपेट, चेन, टायमिंग, मग इंजिन. जुनं ऑइल काढाल तेव्हा त्यात चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चिकटतील, पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चिकटणार नाहीत. चमकते कण आणि तापल्यावरचा दबका ठोका दोन्ही एकत्र आढळले, तर गाडी मनालीच्या रस्त्याला लावू नका. करोल बागेत चार दिवस जास्त गेलेले परवडतील, घाटात तुटलेला रॉड परवडणार नाही.