पाणी, पत आणि धनंजयराव

बँकव्यवहार आणि शाश्वत विकास यांची सांगड घालणाऱ्या संशोधनाला सध्या बरे दिवस आले आहेत. २०२३ साली केंद्र सरकारचे हरित कर्जरोखे बाजारात आले, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची नियमावली काढली, आणि तेव्हापासून वित्तशास्त्राच्या प्राध्यापकांची लेखणी या विषयावर झपाट्याने चालू लागली. याचा मला आनंदच आहे. परंतु कर्ज फेडले जाते ते गहाणखताच्या बळावर नव्हे तर जमिनीच्या उत्पन्नातून, आणि म्हणून जमीन व पाणी यांची स्थिती जाणून घेणे हे बँकेच्या अभ्यासकाचे पहिले काम होय, हा विचार जणू परवाच परदेशातून आयात झाला असे जे विद्वान लिहितात, त्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांची कारकीर्द एकदा मुळापासून वाचावी, असा माझा जुना आग्रह आहे.

नाशिकचा जन्म, नागपूरचे शिक्षण, केंब्रिजचा प्रबंध, १९२४ साली प्रसिद्ध झालेला भारतीय उद्योगांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ, सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, हे सारे सर्वश्रुत आहे. खरी कारकीर्द सुरू झाली ती १९३० साली, रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तेव्हा. पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, धनंजयराव तिचे संचालक होते. संस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रकाशनांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी आहे, नंतर वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची आहे, खुद्द पुणे शहराची आहे. परंतु माझ्या दृष्टीने या मालिकेचा मुकुटमणी म्हणजे १९४८ साली प्रसिद्ध झालेली गोदावरी व प्रवरा कालव्यांची आर्थिक पाहणी. पाटबंधाऱ्याचा हिशेब सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीवर संपत नाही, कालव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही परिणाम मुलखाच्या एकंदर जीवनात शोधावे लागतात, ही दृष्टी तिच्यात आहे. आज ज्याला प्रकल्पाचे सामाजिक मूल्यमापन म्हणतात, त्याचा हा वस्तुपाठ होता.

पतपुरवठ्याच्या बाजूने पाहिले तर १९४५ चा त्यांच्या अध्यक्षतेखालील शेती अर्थपुरवठा समितीचा अहवाल आणि ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीचा १९५४ चा अहवाल, ज्या समितीचे ते सभासद होते, हे दोन टप्पे महत्त्वाचे. पंचाहत्तर जिल्ह्यांतील सहाशे गावे पालथी घालून केलेल्या या समितीच्या पाहणीने दाखवून दिले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी होता. बाकी मुख्यतः सावकार. पिकाच्या हंगामानुसार, पिकाच्या गरजेएवढे आणि विक्रीशी जोडलेले कर्ज द्यावे, ही पीककर्जाची कल्पना त्या अहवालाने देशभर नेली.

प्राध्यापकाने साखर कारखान्याच्या अध्यक्षपदी बसू नये, असे मानणारा एक वर्ग तेव्हाही होता आणि आजही आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले, आणि डिसेंबर १९५० मध्ये तिथे पहिले गाळप सुरू झाले. कालव्याची पाहणी करणाऱ्यानेच त्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाची जबाबदारी घ्यावी, यात मला तरी विद्येची अप्रतिष्ठा दिसत नाही. त्यांचे पुढचे कुलगुरुपद, नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद, राज्यांना केंद्राचे साहाय्य वाटण्याचे सूत्र, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तिथे थांबत नाही. मात्र १९६९ सालच्या त्यांच्या अभ्यासगटाने मांडलेला, एकेक जिल्हा धरून पतपुरवठा आखण्याचा क्षेत्रीय दृष्टिकोन, ज्यातून त्याच वर्षअखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँक नेमली गेली, तो थेट वाईच्या आणि प्रवरेच्या पाहण्यांचा वारस आहे, हे ध्यानात घ्यावे.

मी संशोधनाच्या वाटेला लागलो तेव्हा धनंजयराव हयात नव्हते; त्यांच्या पाहण्यांचा धडा मला गावात मिळाला. एका दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षी कोपरगाव तालुक्यातील एका गावच्या सहकारी सोसायटीत दप्तर तपासायला गेलो. वसुली शंभर टक्के, असे सचिवांनी आदराने चहा देत सांगितले. रोजकीर्द उघडली, तर त्याच तारखेला त्याच खातेदाराची रक्कम जमा आणि त्याच तारखेला जवळपास तेवढीच नावे. अशी पानेच्या पाने. व्यापाऱ्याकडून दोन दिवसांसाठी पैसे उचलून कर्ज नवे-जुने केलेले. दुपारी त्यांपैकी एका खातेदाराबरोबर शेतावर गेलो. कालव्याच्या खालच्या अंगाला त्याचा दीड एकर ऊस पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला होता, आणि सरीच्या माथ्यावर मिठासारखा पांढरा थर चढला होता, पायाखाली करकरणारा. निचऱ्याचे चर खणायला पैसे कोण देणार, एवढेच तो म्हणाला. त्या एका दुपारी कीर्द आणि जमीन शेजारीशेजारी ठेवून वाचायला मी शिकलो, आणि पुढची तीस वर्षे विद्यार्थ्यांना तेच शिकवीत आलो.

आता विद्यार्थी गावाला जात नाहीत. तयार आकडे संगणकावर मिळतात, त्यांवर समीकरणे बसवली जातात आणि बढतीसाठी लागणारे निबंध वेळेवर छापले जातात. या मुलांच्या बुद्धीविषयी मला शंका नाही. परंतु ज्या दप्तरातून तो आकडा निघाला ते दप्तर त्यांना कोणी दाखवले नाही, याचे दुःख मोठे आहे, आणि त्यात माझ्या पिढीच्या अध्यापकांचाही दोष आहे.

गेल्या कार्तिकात त्याच शिवारात पुन्हा गेलो होतो. तो खातेदार आता नाही; त्याचा नातू भेटला. त्याने खिशातून सातबारा काढून दाखवला, त्यावर सोसायटीचा इकरार, म्हणजे कर्जाचा बोजा, नोंदलेला होता. सोसायटीच्या कर्जमर्यादेच्या पत्रकात उसासाठी हेक्टरी जी मर्यादा धरली होती, ती वरच्या काळ्या जमिनीला आणि खालच्या खारवट चोपणाला एकच होती.